दिवा हिरवा होता

बँकेत लागलो ते 1982 साल. तेव्हा बँक म्हणजे शाई, टाचण्या, लाल पेन्सिल आणि दोघांनी मिळून उचलावी लागणारी लेजरं. संध्याकाळी शटर खाली ओढले की बाहेरच्यांना वाटायचे, सुटली बँक. आमचे खरे काम तेव्हा सुरू होई. दिवसभरात खातेदाराच्या पानावर पडलेली प्रत्येक नोंद दुसऱ्या एका वहीतही असे. एकच व्यवहार, दोन माणसांनी, दोन ठिकाणी लिहिलेला. दिवसअखेर दोन्ही बेरजा जुळल्या तर घर, नाही जुळल्या तर चहा मागवायचा आणि फरक शोधायला बसायचे.

आमच्या शाखेत एक अकाउंटंट होते. राजापूरकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. फरक शोधण्यात त्यांचा हात धरणारा मी पुढे कुठे पाहिला नाही. टेबलाशी पान चघळत बसलेले अण्णा विचारत, "किती रे फरक?"

"नव्वद, अण्णा."

"नवाने भाग जातोय. कोणीतरी आकडे उलटे मांडलेत. 540 चे 450 झालेत का बघ."

आणि ते तसेच निघे. दुसऱ्या दिवशी फरक 84. अण्णा म्हणत, "निम्मे कर. 42 रुपयांची नोंद शोध, जमेची नावे पडली असेल." तेही निघे. आम्हा पोरांना ती जादू वाटे. अण्णांच्या लेखी तो नुसता क्रम होता. आधी फरकाचे तोंड बघायचे, मग वहीत हात घालायचा.

अण्णांचे दोन नियम होते. पहिला, फरक का पडला हे कळेपर्यंत एकही आकडा दुरुस्त करायचा नाही. दुसरा, बघितल्याशिवाय सही करायची नाही. "सही म्हणजे साक्ष रे. जे पाहिले नाही त्याची साक्ष देतोस?" असे ते म्हणत. आज जी गोष्ट सांगायला बसलो आहे तिच्यात मी यांतला दुसरा नियम मोडला. पहिला मोडला गेला नाही, पण त्याचे श्रेय माझे नाही. ते एका पंचविशीतल्या मुलीचे आहे.

अण्णांच्या काळातच यंत्रांची चाहूल लागली होती. बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दलचा डॉ. रंगराजन समितीचा अहवाल 1984 साली आला. त्यावर संघटनांच्या सभा झाल्या, फलक लागले, आणि मग हळूहळू लेजर पोस्टिंगची यंत्रे शाखेत येऊन बसली. पुढे संगणक आला. नंतर शाखेतली वही शाखेत राहिलीच नाही, सगळा हिशेब दूर कुठेतरी एका जागी गेला. लोक म्हणाले, बरे झाले, रात्रीची जागरणे संपली. खरे होते ते. पण एक गोष्ट जागरणांबरोबर नकळत गेली. दोन माणसांनी दोन वह्या समोरासमोर ठेवून टिक मारण्याची सवय.

दुसरी प्रत म्हणजे काय, याचा एक धडा मला बँकेबाहेरही मिळाला होता. पहिली कादंबरी लिहिली तेव्हा झेरॉक्स परवडत नसे, म्हणून कार्बन घालून लिहीत असे. वर शुद्ध प्रत, खाली नक्कल. मूळ बाड प्रकाशकाकडे पाठवले आणि ते वाटेत कुठेतरी गहाळ झाले. मी मोठ्या ऐटीत कपाटातून नक्कल काढली. मध्येच सलग चाळीस पाने कोरी! कार्बन उलटा बसला होता. लेखणी चालत होती, पाने उलटत होती, हात दुखत होता, आणि खालच्या कागदावर एक अक्षर उमटत नव्हते. सगळी अक्षरे मूळ पानांच्या पाठीवर उलटी छापली जात होती आणि त्या पानांसकट गेली. ती चाळीस पाने मी आठवून पुन्हा लिहिली. कादंबरीचे ठीक आहे, पात्राच्या तोंडी दोन वाक्ये कमीजास्त झाली तर कोणी पोलिसात जात नाही. एखाद्या बाईच्या बचत खात्यातली चाळीस पाने आठवून लिहिता येतील का?

* * *

2020 साली निवृत्त झालो आणि रत्नागिरीला नाचण्याच्या घरी येऊन राहिलो. वर्षभरात एका छोट्या सहकारी बँकेने सल्लागार म्हणून बोलावले. तिचे नाव सांगत नाही. माणसे भली आहेत, आणि आता तिथे सगळे जागेवर आहे. आठवड्यातून दोन दिवस जायचे, कागद बघायचे, कुठे काही खटकले तर बोलायचे, एवढेच काम.

या बँकेचा सारा हिशेब मुख्य कचेरीत तळमजल्यावरच्या एका वातानुकूलित खोलीत ठेवलेला असे. संगणकातली साठवणीची जागा कप्प्याकप्प्यांनी वाटलेली असते. त्या कप्प्याला व्हॉल्यूम म्हणतात. आमचा एक कप्पा रत्नागिरीत आणि तेवढाच दुसरा कोल्हापूरच्या शाखेत. रत्नागिरीच्या कप्प्यात दिवसभर जे बदलेल ते तारेवरून घाट चढून कोल्हापूरच्या कप्प्यात जायचे. याला रेप्लिकेशन म्हणतात. आपण त्याला प्रत म्हणू.

ही प्रत दोन तऱ्हांनी होते. एक तऱ्हा अशी की दोन्हीकडे नोंद उमटल्याशिवाय यंत्र "झाले" म्हणतच नाही. यात नुकसान जवळजवळ शून्य, पण दोन जागा जवळ हव्यात आणि मधली तार खणखणीत हवी. दुसरी तऱ्हा म्हणजे इकडे काम उरकून घ्यायचे आणि बदल मागाहून, ठराविक वेळाने पाठवायचे. अंतर जास्त असले, तार बारीक असली की बहुतेक जण ही दुसरी वाट धरतात. आमचीही तीच होती. दर पंधरा मिनिटांनी यंत्र कप्प्याचे जणू एक छायाचित्र काढी, आधीच्या छायाचित्राशी ताडून पाही, आणि जेवढे बदलले तेवढेच पाठवी. म्हणजे उद्या रत्नागिरीचे यंत्र बुडाले तर बुडेल ते फार तर मागच्या पंधरा-वीस मिनिटांचे. निदान तसे आम्ही समजत होतो.

खोलीच्या दाराशी एक तक्ता लटकत असे. रोज सकाळी तपासायच्या नऊ गोष्टी. बॅटरी, तापमान, जनरेटरचे डिझेल वगैरे. सातवी ओळ होती, "कोल्हापूर प्रत चालू". पडद्यावर त्या नावापुढे हिरवा दिवा दिसला की टिक मारायची. आठवड्याच्या शेवटी त्या टिकांखाली माझी सही.

2022 चा जुलै. त्या पहिल्या आठवड्यात पावसाने जो जोर धरला तो कोकणातल्या माणसांना आठवत असेल. आदल्या वर्षीचा, 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर अजून लोकांच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता. त्या पुरात चिपळूणच्या एसटी आगाराचे व्यवस्थापक आणि सहकारी आगारातली सुमारे 9 लाखांची रोकड सांभाळत तासन् तास बसच्या टपावर बसून राहिले होते. 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके 2005 च्या पाठोपाठ पुन्हा पाण्यात गेली होती. रोकड टपावर नेता येते. हिशेब टपावर कसा नेणार?

आमच्या कचेरीच्या मागून एक पऱ्या वाहतो. एरवी त्यात पोरे खेकडे धरतात. त्या संध्याकाळी तो अंगणात आला होता, आणि यंत्राच्या खोलीला तीनच पायऱ्या. रात्री नऊला मॅनेजरांचा फोन आला.

"काका, जरा येता का? पाणी पहिल्या पायरीला लागलंय. तशी कोल्हापूरची प्रत आहे म्हणा."

मी म्हटले, "आहे ना. आलोच." छत्री घेऊन निघालो.

संगणक विभागात तेव्हा एकच मुलगी होती. संगमेश्वर तालुक्यातली, रत्नागिरीतच शिकलेली, पंचवीस-सव्वीसची. ती माझ्या आधीच पोचली होती, सलवारीच्या टोकापर्यंत भिजलेली. पडद्यावर हिरवा दिवा होता. पण ती दिव्याकडे पाहत नव्हती. आतल्या पानावर शिरून एक ओळ तिसऱ्यांदा वाचत होती.

"काका," ती म्हणाली, "शेवटची पूर्ण झालेली प्रत 19 दिवसांपूर्वीची आहे."

दाराशी उभा असलेला आमचा शिपाई म्हणाला, "पन दिवा तर हिरवा हाय."

होता. दिव्याचा अर्थ एवढाच होता की प्रत काढणारा कार्यक्रम जिवंत आहे आणि कोल्हापूरच्या यंत्राला हाक मारली तर ते ओ देते आहे. पुढे काही सरकते आहे की नाही, हे तो दिवा सांगतच नव्हता. माझा उलटा कार्बन मला आठवला. तक्ता काढून पाहिला. 19 दिवसांच्या टिका आणि त्यांखाली माझ्या दोन सह्या, तारखेसकट.

* * *

19 दिवस म्हणजे काय, ते सांगतो. जून-जुलै हे आमच्याकडे वाशीच्या बाजारातून आंब्याच्या हिशेबपट्ट्या येण्याचे दिवस. वर्षभराची कमाई त्या आठवड्यांत खात्यात पडते. शाळा सुरू होतात, म्हणून फीसाठी पैसे निघतात. मिरकरवाड्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. मासेमारी बंदीच्या त्या दिवसांत दैनिक ठेवीत साठवलेले पैसे बायका थोडे थोडे काढून घर चालवतात. समजा त्या रात्री पाणी तिसरी पायरी चढले असते आणि आम्ही 19 दिवस जुन्या प्रतीवर बँक पुन्हा उभी केली असती, तर ज्यांनी भरले त्यांचे बुडाले असते आणि ज्यांनी काढले त्यांचे परत आले असते. पावत्या, वाउचरे जमवून ते महिनोन् महिने जुळवीत बसावे लागले असते. आणि पावती हरवलेल्या म्हातारीने काउंटरशी येऊन "मी भरले होते" म्हटल्यावर तिला काय सांगायचे, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

मॅनेजरांनी यंत्र पुरवणाऱ्यांच्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. तो झोपेतून उठून म्हणाला, "जोडी मोडा आणि नव्याने जोडा. पाच मिनिटांचं काम आहे."

मॅनेजर म्हणाले, "मग कर की गं पटकन."

मुलगी म्हणाली, "सर, आत्ता नाही करणार."

मला तिचे तेव्हा कौतुक वाटले नाही, धास्ती वाटली. बाहेर पाणी दुसऱ्या पायरीकडे निघाले होते. तिने मात्र शांतपणे समजावून सांगितले. जोडी मोडून नव्याने जोडताना यंत्र विचारते, कुठली बाजू मूळ आणि कुठली नक्कल. दोन्ही कप्प्यांची नावे सारखीच, शेवटचा एक आकडा तेवढा वेगळा. रात्री थकल्या डोळ्यांनी तो आकडा चुकला तर 19 दिवसांपूर्वीचा हिशेब आजच्या हिशेबावर ओतला जाणार. आज निदान एक बाजू तरी शहाणी होती. घाईत तीही गेली असती. शिवाय प्रत अडली कशामुळे, हे कळल्याखेरीज नव्याने जोडली तर ती पुन्हा तिथेच अडणार.

"आधी इथल्या हिशेबाची एक वेगळी प्रत सुट्या डिस्कवर घेऊ. ती कोरडी बाहेर गेली की मग काय ते बघू," ती म्हणाली.

अण्णांचा पहिला नियम मी चाळीस वर्षांनी ऐकत होतो. अण्णांचे नाव तिने कधी ऐकलेले नव्हते.

साडेदहाला डिस्क लावली. एकूण हिशेब, स्कॅन केलेल्या कागदांसह, दोन टेराबाइटच्या आसपास. सहा तास लागणार होते. शिपायाने आणि ड्रायव्हरने पोत्यांत माती भरून दाराशी बांध घातला. आणि ती मुलगी फरकाचे तोंड बघायला बसली.

पहिला प्रश्न, तार जिवंत आहे का? होती. कोल्हापूरला हाक मारली की ओ येई. दुसरा प्रश्न, कोल्हापूरच्या कप्प्यात जागा आहे का? होती. तिसरा, परवलीचा शब्द बदलला, मुदत संपली, घड्याळे मागेपुढे झाली, असे काही? नाही. चौथा प्रश्न तिने कागदावर लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. 19 दिवसांपूर्वी काय बदलले?

ते मला आठवले. त्या सुमारास रस्त्याच्या कामात खोदताना केबल तुटली होती. लाइन पुरवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या दिवशी आम्हाला वेगळ्या मार्गावर टाकले आणि "लाइन सुरू झाली" असा निरोप दिला. आम्ही आभार मानले. कोल्हापूर शाखेचे रोजचे काम दुसऱ्या लाइनवर चाले, म्हणून तिथे कोणाला काही जाणवले नाही.

तिने मग एक साधी गोष्ट केली. आधी छोटी हाक मारली होती, आता मोठमोठ्या मारून पाहिल्या. 1000 बाइटांचे पुडके गेले. 1400 चे गेले. 1472 चे, जे एरवी जायला हवे, ते गेले नाही. पुन्हा पाठवले. नाही. नव्या मार्गावर पुडक्याच्या आकाराची मर्यादा जराशी कमी होती, आणि "पुडके मोठे आहे, लहान करून पाठवा" हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत येतच नव्हता. तेव्हा आमचे यंत्र तेच पुडके पुन्हा पुन्हा पाठवीत बसले होते, 19 दिवस. पोस्टकार्डे पोचत होती म्हणून दिवा हिरवा, आणि पार्सले वाटेत अडत होती म्हणून प्रत ठप्प.

पुडक्याचा आकार कमी करणे हे मात्र खरोखरच पाच मिनिटांचे काम निघाले. तरी प्रत सुरू होईना. कारण अडचण एकटी येत नाही. छायाचित्रे साठवायची जागा भरत आली, तेव्हा यंत्राने नियमाप्रमाणे सर्वांत जुने छायाचित्र पुसले होते. आणि नेमके तेच दोन्हीकडे सारखे असलेले शेवटचे छायाचित्र होते. रविवारच्या वाचकाला हे समजायला सोपे आहे. क्रमशः चाललेल्या कादंबरीचे आजचे प्रकरण हातात आहे, पण मधली प्रकरणे फाडून टाकली. "मागील अंकावरून पुढे चालू" असे कोणाला सांगणार? आता पहिल्या पानापासून सगळी कादंबरी पाठवायला हवी. आमच्या दहा एमबीपीएसच्या लाइनवरून दोन टेराबाइट पाठवायला किती वेळ लागेल याचा हिशेब मी कागदावर केला. रात्रंदिवस अखंड चालली तरी अठरा दिवसांच्या वर.

"लाइनने नको," मुलगी म्हणाली, "गाडीने पाठवू."

* * *

पहाटे तीनच्या सुमाराला पाऊस थोडा ओसरला. पाणी दुसऱ्या पायरीवर येऊन थांबले आणि तिथेच राहिले. साडेचारला डिस्क भरली. तिला कुलूप तिने संगणकातलेच घातले होते. परवलीचा शब्द माहीत नसेल त्याला डिस्क मिळूनही काही वाचता येणार नाही. मग ती प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, टॉवेलात आणि शेवटी बिस्किटांच्या डब्यात गेली. आंबा घाटात दरड येईल या धास्तीने गाडी अणुस्कुऱ्याने गेली. शिपाई डबा मांडीवर घेऊन बसला होता. दुपारी बारापूर्वी त्याचा कोल्हापूरहून फोन आला, "सायेब, डबा पोचला."

मधल्या वेळात आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, आज रात्रीपर्यंत सगळं जागेवर येईल. मग चेअरमनसाहेबांच्या कानावर घालायची गरज आहे का? उगीच त्या मुलीवर येईल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझ्या दोन सह्या त्यांनीही पाहिल्या होत्या, आणि मला वाचवायचेही त्यांच्या मनात असावे. क्षणभर मलाही ते गोड वाटले, हे कबूल करतो. पण फरक सस्पेन्स खात्यात ढकलून घरी जाणारे लोक मी नोकरीत पाहिले होते, आणि वर्षाने तो फरक व्याजासकट कसा बाहेर येतो तेही. मी कागद घेतला आणि लिहिले की 19 दिवस प्रत झालेली नव्हती, तक्त्यावर ती झाल्याच्या खुणा आहेत, आणि त्यांखालच्या सह्या माझ्या आहेत. चेअरमननी कागद वाचला, चष्मा काढला आणि एवढेच म्हणाले, "बरं झालं लिहिलंत."

संध्याकाळपर्यंत कोल्हापूरच्या कप्प्यात डिस्क उतरली. डिस्क भरायला घेतल्यापासूनचे बदल तेवढे लाइनने गेले. आता दिवा पुन्हा हिरवा झाला. पण त्या दिव्यावर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास उरला नव्हता. मी म्हटले, "अगं, आता जुन्या पद्धतीने करू." दोन्हीकडे एकाच क्षणाची प्रत धरली. कोल्हापूरच्या प्रतीवरून तिथल्या माणसाने बचत, चालू, मुदत, दैनिक, कर्जे अशी एकेक बेरीज काढून फोनवर वाचायची आणि मी रत्नागिरीच्या आकड्यांवर लाल पेन्सिलीने टिक मारायची. मग खात्यांचे कुठलेही वीस क्रमांक काढले आणि त्यांची शेवटची नोंद पैसा-पैसा ताडली. रात्री नऊला ती म्हणाली, "काका, फरक शून्य."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत तो शब्द मी हजारदा ऐकला असेन. त्या रात्री घरी जाताना तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

* * *

कुणी म्हणेल, छोटी बँक, छोटी माणसे, असे व्हायचेच. तसे नाही. 24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू व्हायला दुपारचे पावणेचार वाजले, आणि बाजार त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत चालला. बाजाराने पुढे दिलेल्या खुलाशात दोन कंपन्यांच्या दूरसंचार तारांतला बिघाड होता, दोन केंद्रांमधल्या रस्त्यालगतची खोदाई होती, आणि त्या परिणामी साठवणीच्या यंत्रणेने केलेले अनपेक्षित वर्तनही होते. तारा दोन, केंद्रेही एकाहून अधिक. तरी दलालांच्या कचेऱ्यांत देशभर माणसे चार तास पडद्याकडे बघत बसली. दुसरी प्रत असणे आणि ती वेळेला उभी राहणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या दिवशी दिसले. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या निर्देशांत म्हणूनच मोठ्या बँकांना महत्त्वाच्या यंत्रणांची अशी तालीम दर सहा महिन्यांनी तरी घ्यायला सांगितले आहे. आग लागल्यावर बंब चालू होतो का ते बघायचे नसते, आधी बघायचे असते.

प्रत मुळाशी ताडून पाहण्याची ही काळजी आपल्याकडे नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर प्रती होत गेल्या, पाठ बदलत गेले. तेव्हा एकनाथांनी त्या जमवून, ताडून, शके 1506 म्हणजे 1584 साली शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्याही आधी कितीतरी हातांनी श्रद्धेने नकला केल्या होत्या. श्रद्धेत कमतरता नव्हती, ताडून पाहणे राहिले होते.

हा लेख लिहिण्याआधी मी घरचा फोन पाहिला. सौभाग्यवतींच्या फोनमध्ये नातीचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो आहेत. "ते वर क्लाउडमध्ये जातात, मुलाने तसे करून दिले आहे," असे ती सगळ्यांना सांगते. आत शिरून पाहिले तर जागा भरल्यामुळे चार महिन्यांपूर्वीच ते जायचे थांबले होते. एक बारीक सूचना येऊन पडली होती, ती कोणी वाचली नव्हती. तुमच्याही घरी आज सुट्टी आहे. चहा झाला की एवढे करा. मूळ फोनला हात न लावता दुसऱ्या जागेवरून गेल्या आठवड्यातला एक फोटो उघडून पाहा. उघडला तर प्रत आहे. नाही उघडला तर घाईने काही पुसू नका. आधी फोनमधले सगळे एका वेगळ्या जागी उतरवून घ्या, मग कारण शोधा.

बँकेतल्या तक्त्यावरची सातवी ओळ आम्ही बदलली. आता तिथे "कोल्हापूर प्रत चालू" असे नाही. "शेवटची पूर्ण प्रत केव्हाची?" असा प्रश्न आहे, आणि पुढे टिक मारायला चौकोन नाही. तारीख आणि वेळ हाताने लिहावी लागते. दर आठवड्याच्या शेवटी ती मुलगी कुठलाही एक खाते क्रमांक कोल्हापूरला कळवते. तिथला माणूस त्याच्याकडच्या प्रतीतून त्या खात्याची शेवटची नोंद फोनवर वाचून दाखवतो. ती माझ्यासमोरच्या आकड्याशी जुळली की मी लाल पेन्सिलीने खूण करतो आणि मग सही. मागच्या आठवड्यात कोल्हापूरचा फोन लागायला उशीर झाला. घरून जेवायला दोनदा निरोप आला. तोवर तक्ता पुढ्यात घेऊन बसून राहिलो.